फणसासाठी आणलेली नळी

मित्रांनो, मी ओक आहे, आणि एक गोष्ट आधीच सांगून टाकतो: मला स्वस्थ उभे राहता येत नाही. झाडाने असे म्हणावे याचे तुम्हाला हसू येईल. उभे राहण्याखेरीज झाडाला दुसरे काम ते काय, असे तुम्ही विचाराल. पण सत्तावीस वर्षे मी उभ्या जागी घुटमळत होतो, आणि जागचे न हलता घुटमळणे किती जड जाते ते माझ्या मुळांना विचारा. आता कारण उरलेले नाही, तरी सवय गेलेली नाही.

ओक म्हटले की तुम्हाला पुस्तकातले चित्र आठवत असेल. बर्फ, धुराडे असलेले घर आणि बाजूला एक निष्पर्ण झाड. ते माझे थंड देशातले चुलते. मी बर्फ पाहिलेला नाही. मी उभा आहे तो मेपोलो गावाच्या वरच्या डोंगरावर. इथे उन्हाळ्यात जमीन इतकी तापते की कोंबड्या पाय उचलून उचलून चालतात, आणि पावसाळ्यात जळवा माझ्या सालीवरून वर चढतात. मी जन्मलो तो एका खारीच्या विसरभोळेपणामुळे. टोपी घातलेले एक कडक बी तिने पुरले, आणि पुढे ते कुठे पुरले तेच ती विसरली. माझ्या बरोबरची भावंडे रानडुकरांनी खाल्ली. मी वाचलो, वाढलो, एकदा अस्वल चढले त्याचे पाच ओरखडे अजून अंगावर आहेत.

मी निकामी मात्र नव्हतो. पावसाच्या सुरुवातीला माझ्या मुळांशी अळंबी येतात. ती काढायला गावच्या बायका टोपल्या घेऊन येत आणि म्हणत, "ओकाखालची चव दुसऱ्या कशाला नाही." माझ्या वाळक्या फांद्यांवर भात शिजे. खालच्या उतारावर शेते आहेत. तिथे राबणारी माणसे दुपारी माझ्या सावलीत मिरचीचा ठेचा आणि भात खात, पाइप ओढत आणि एकमेकांच्या सासवांवर बोलत. हे सगळे मला आवडे. तरी मनात एक सल होता.

माझ्या वरच्या अंगाला एक पायवाट आहे. वाटेपलीकडे जे रान आहे, ते नळ्यांचे रान. इथल्या करेन या डोंगरी जमातीत मूल जन्मले आणि त्याची नाळ गळून पडली, की बाप ती बांबूच्या नळीत घालतो, तोंडाला कापड कोंबतो आणि एका चांगल्या फळत्या झाडाला बांधतो. त्या मुलाचा जीव त्या झाडापाशी राहतो असे मानतात. ते झाड कुणी तोडत नाही. त्या दिवशी गावातले कुणी शेतावरही जात नाही, कारण कोवळा जीव कुणाच्या तरी मागोमाग भटकायचा. त्या रानातल्या प्रत्येक झाडाला कुणी ना कुणी होते. मी वाटेच्या अलीकडे, शेताच्या बाजूला. सतरा पावलांनी माझी जागा चुकली होती. खोटे कशाला सांगू, मला त्या झाडांचा हेवा वाटे.

आणि मग एके सकाळी लूदी आला.

लूदी तेव्हा एकवीस वर्षांचा होता आणि घरजावई होता. इथे लग्न झाले की मुलगाच मुलीच्या घरी राहायला जातो, त्यामुळे त्यात कमीपणा काही नाही. पण लूदीच्या सासूबाई नॉबू होत्या, आणि नॉबूच्या घरात जावई होऊन राहणे म्हणजे काय, हे अख्ख्या मेपोलोला ठाऊक होते. गाव माझ्या पायथ्याशीच आहे. सकाळच्या थंड हवेत तिथला शब्दन् शब्द वर ऐकू येतो.

"जावईबापू, फणस बरं का! मोठा फणस!" नॉबू दारातून ओरडत होती. "नाहीतर याल कुठल्यातरी वाकड्या झुडपाला लटकवून."

"हो आई. फणसच."

"आणि गाठ नीट मारा. तुमच्या गाठी बघितल्यात मी. परवा डुकरीण सुटली ती तुमच्याच गाठीची."

धुक्यातून लूदी वर आला. हातात बांबूची नळी, छातीशी धरलेली. पहिलीच मुलगी झाली होती, नाव पॉवा. तो वाट ओलांडून मोठ्या फणसापाशी गेला आणि वेल गुंडाळायला हात वर केले. त्या फणसावर पाने शिवून घरटी करणाऱ्या तांबड्या मुंग्यांचे राज्य होते, हे त्याला धुक्यात दिसले नाही. पुढे जे झाले ते पाहून मलासुद्धा हसू आवरेना. मुंग्या त्याच्या मानेवरून सदऱ्यात शिरल्या. तो नाचला, सदरा काढून फेकला, स्वतःच्याच पाठीत धपाटे घातले. आणि या धांदलीत नळी हातून सुटली, वाटेवरून गडगडत खाली आली आणि माझ्या मुळाशी येऊन थांबली.

लूदी मागोमाग धावत आला. नळी उचलली, कान लावून पाहिले, जणू आत कुणी रडत असेल. मग माझ्या मुळावर बसून अंगावरच्या मुंग्या वेचू लागला. त्याचे डोळे भरून आले होते. त्याने फणसाकडे पाहिले. गावाकडे पाहिले, जिथे सगळे त्याच्यासाठी कामे सोडून घरी बसले होते. शेवटी माझ्याकडे पाहिले.

"आजच्या दिवस धर रे बाबा," तो मला म्हणाला. "मुंग्या शांत झाल्या की नेतो."

आणि त्याने नळी मला बांधली. डुकरिणीचे काय असेल ते असो, ती गाठ मात्र चांगली पक्की होती.

"बांधली?" खाली गेल्यावर नॉबूने विचारले.

"बांधली."

"फणसालाच ना?"

लूदी जरा थांबला. मी इतका कान देऊन ऐकत होतो की माझे एक पानही हलले नाही.

"हो," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी तो पुन्हा आला. मुंग्यांवर टाकायला राख आणली होती. गाठीला हात घातला आणि थबकला. बांधलेली नळी सोडू नये, जीव दचकतो, असे त्यानेही लहानपणापासून ऐकलेले होते. खोटे बोलण्याइतके धैर्य त्याच्यात होते, पण लेकीचा जीव दचकवण्याइतके नव्हते. नळी पाल्याने झाकून, राख माझ्या मुळाशी ओतून तो निघून गेला. त्या दिवसापासून मी पॉवाचे झाड झालो, आणि हे जगात दोघांनाच माहीत होते. त्यातल्या एकाला बोलता येत नव्हते आणि दुसऱ्याला बोलायचे नव्हते.

मान सगळा फणसाला. नॉबू येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवून दाखवी, "हे आमच्या पॉवाचं झाड. फळं बघितलीत? बुडाशी लागतात, बुडाशी!" त्याच्याभोवतीचे गवत ती स्वतः काढी; नळी वर मुंग्यांच्या पानांत दडली असेल असे समजे, आणि मुंग्यांच्या भीतीने कुणी वर शोधायला गेले नाही. माझ्या अंगावरची वेल तिसऱ्या पावसाळ्यात कुजली, नळी गळून पडली आणि वाळवीने खाल्ली. माझ्याकडे राहिला तो वेल रुतल्याचा एक वळ.

नाळेच्या नळीत जीव असतो की नसतो, ते मला माहीत नाही. मी झाड आहे, माझ्याकडून मोठ्या ज्ञानाची अपेक्षा धरू नका. एवढेच सांगतो की त्या सकाळपासून माझी झोप उडाली. पॉवा रडली की माझी पाने सळसळत. ती चालायला लागली आणि पायऱ्यांवरून पडली, त्या दिवशी वारा नसताना माझी फांदी मोडली. योगायोग असेल. पण मला तो योगायोग वाटला नाही.

पोर मोठी अस्वस्थ निघाली. मांडीवर बसेना, झोळीत राहीना. पाच वर्षांची असताना घरातून पळून जाई आणि सापडे ती माझ्या मुळावर बसलेली.

"अगं, तुझं झाड तिकडे आहे ना!" तिची आई एमू तिला ओढत नेताना म्हणे.

"तिकडे मुंग्या आहेत," पॉवा म्हणे.

जीव ठिकाणी नसला की इथे मनगटाला पांढरा दोरा बांधून त्याला परत बोलावतात. पॉवासाठी हे तीनदा केले. तीनही वेळा सगळे कुटुंब नटूनथटून माझ्या समोरून गेले आणि फणसापुढे कोंबडी-भात मांडून बसले. नॉबू खड्या आवाजात हाका मारी, "प्रूऽऽ, पॉवाच्या जिवा, परत ये! रानात असशील तर ये, ओढ्यापाशी असशील तर ये, वाटेत बसला असशील तर उठून ये!" मी सतरा पावलांवर. मला वाटे, एकदा, फक्त एकदा मला ओरडता यावे. लूदी मान खाली घालून सगळ्यांच्या मागे बसलेला असे. तिसऱ्या खेपेला मी माझ्याकडून जे होण्यासारखे होते ते केले. तो परत जाताना नेमके एक कडक बी त्याच्या टाळक्यात टाकले. त्याने वर पाहिले. त्याला कळले होते, यात मला शंका नाही. पण तो डोके चोळत निघून गेला.

मग पॉवा डोंगराखालच्या शाळेत गेली आणि तिथून दोनदा पळून आली. पुढे च्यांगमाई शहरात गेली, कपडे शिवायच्या कारखान्यात. तिथून खानावळीत, तिथून आणखी कुठे. सहा महिने तिथे, दोन महिने इथे. गावातल्या बायका अळंबी काढताना माझ्याच पायाशी बसून बोलत.

"नॉबूची नात आली म्हणे."

"आली? मग परवा जाईल. पायात भोवरा आहे तिच्या."

"एवढं चांगलं झाड मिळालं, एवढा मान. काय कमी केलं घरच्यांनी? पोरीतच काही खोट आहे."

पोरीतच खोट आहे. हे वाक्य मी किती वेळा ऐकले, मोजले नाही. ते पॉवाच्याही कानावर जात असणार. ती हसून सोडून देई, पण माझ्या मुळावर येऊन बसली की नखाने माझी साल खरवडत राही. मला राग येई. तिचा नव्हे, लूदीचा. आणि खरे सांगायचे तर माझ्या मुकेपणाचा त्याहून जास्त.

सव्विसाव्या वर्षी पॉवाने लग्न केले. नवरा चीवो दुसऱ्या गावचा, थंड डोक्याचा, कमी बोलणारा. वर्षभर तो नॉबूच्या घरी राहिला, आणि मग दोघांनी आपले वेगळे घर बांधायचे ठरवले. घराला सहा खांब लागतात. पाच मिळाले. सहाव्याच्या शोधात दोघे वर आली आणि माझ्यापाशी थांबली. चीवोने माझ्याभोवती फिरून पाहिले. वेल चढलेली नाही, खोड दुभंगलेले नाही, वीज पडलेली नाही. घराला चालेल असे झाड.

"सरळ आहे," तो म्हणाला. "कुणाचं आहे का?"

"कुणाचं नाही," पॉवा म्हणाली. "वाटेच्या अलीकडचं."

कोयत्याने त्याने माझ्या सालीवर खूण केली. त्या खुणेची वेदना मला आठवत नाही. "कुणाचं नाही" हे मात्र आठवते.

लूदीला हे संध्याकाळी जेवताना कळले. दुसऱ्या दिवसापासून त्याने जी नाटके सुरू केली, ती पाहून कीव यावी. लेकीला घेऊन तो माझ्यापाशी आला.

"हे लाकूड नको. ओक वाळला की फाटतो."

"बा, आपल्याच घराचे दोन खांब ओकाचे आहेत."

"याला अस्वलाची नखं लागलीत. अपशकुन असतो."

"कधीपासून?"

"आणि मुंग्या असतील आत."

पॉवा हसली. "बा, तू अस्वलाला घाबरत नाहीस तेवढा मुंग्यांना घाबरतोस. तुला माझं घर व्हायला नको आहे का? खरं सांग. मी परत निघून जाईन असं वाटतं ना तुलाही?"

"तसं नाही गं."

"मग कसं?"

लूदीने तोंड उघडले. मी म्हटले, बोल. आता बोल, लेक विचारते आहे, इथे दुसरे कुणी नाही, सासूही नाही. त्याने तोंड मिटले आणि पाइपात तंबाखू भरू लागला. त्या क्षणी मला पाय असते तर मी त्याला लाथ मारली असती.

तोडायच्या दिवशी सकाळीच सगळे वर आले. पॉवा, चीवो, एमू आणि लूदी. ऐंशीच्या घरातली नॉबू काठी टेकत आली होती, काम नीट होते की नाही पाहायला. आणि गावचा हीखो, म्हणजे मुखिया, सॉले आला होता. पूजा आणि भांडणे, दोन्ही ज्याच्याकडे जातात तो हा म्हातारा. त्याने माझ्यापुढे दारूचे चार थेंब सांडले, रानाची परवानगी मागितली आणि म्हणाला, "चला, उन्हं वर यायच्या आत."

चीवोने कुऱ्हाड उचलली. पॉवाने ती त्याच्या हातून घेतली.

"घर बाईचं असतं. पहिला घाव माझा."

मी लूदीकडे पाहत होतो. तो लांब दगडावर बसला होता, पाइप विझलेला होता आणि तो ओढतच होता. पॉवाने पाय रोवले. कुऱ्हाड वर गेली आणि माझ्या अंगात शिरली. मित्रांनो, लागले. खूप लागले. पण त्याहून वाईट हे की घाव घातल्याबरोबर पॉवा स्वतःच कण्हली आणि बेंबीवर हात धरून वाकली.

"काय झालं?" चीवो धावला.

"काही नाही. झटका बसला हाताला. सोड." तिने कुऱ्हाड पुन्हा उचलली.

"थांब!" लूदी ओरडला. इतक्या मोठ्याने तो कधी ओरडल्याचे मी ऐकले नव्हते. "थांब पॉवा! फणस नाही. फणस तुझा नाही. हे झाड आहे तुझं."

लूदी धडपडत पुढे आला, माझ्या सालीवरचा तो वळ त्याने बोटाने दाखवला आणि सगळे सांगितले. धुके, मुंग्या, गडगडलेली नळी, आणि ते "हो". सांगताना तो सासूकडे पाहत नव्हता, लेकीकडेही नाही. माझ्याकडे पाहत होता.

नॉबूच्या तोंडातून पाइप खाली पडला.

"मुंग्या?" ती म्हणाली. "मुंग्या चावल्या म्हणून? सत्तावीस वर्षं मी त्या फणसाचं गवत काढते आहे, जावईबापू! माझे गुडघे गेले त्या फणसापायी!"

सॉलेला हसू फुटले. एमूलाही फुटले, तिने हात तोंडावर धरला. लूदीला जरा धीर आल्यासारखे वाटले, तोही ओशाळवाणे हसायला लागला. पॉवा हसली नाही.

"बा," ती म्हणाली, "सगळं गाव म्हणायचं, ही पोर एका जागी टिकत नाही, हिच्यातच खोट आहे. मलाही तसंच वाटायला लागलं. शहरात तरी कुणी असं म्हणणार नाही म्हणून मी पळायचे. तुला हे माहीत होतं."

लूदीचे हसू मावळले.

"तीन वेळा दोरा बांधला माझ्या हाताला. तू तिथेच बसला होतास. एकदाही बोलला नाहीस?"

"चौथ्यांदा बोलणार होतो," लूदी म्हणाला. त्याला विनोद करायचा नव्हता. तो खरोखरच तसे समजत होता.

पॉवाने कुऱ्हाड खाली ठेवली. माझ्या घावावर तिने तळहात दाबून धरला, जसे कापलेल्या बोटावर धरतात. तिला रडू आले, आणि ती रडली, सगळ्यांसमोर, लहान मुलासारखे भोकाड पसरून. चीवो नुसता तिच्याजवळ उभा राहिला. हा जावई बरा आहे, हे मला तेव्हाच कळले.

कुणाच्या नाळेच्या झाडाला इजा केली तर त्याला कोंबडी द्यावी लागते. पण इथे झाड जिचे, घावही तिचाच. सॉलेने डोके खाजवले, मग निवाडा दिला. "झाड पॉवाचं, घाव पॉवाचा, कोंबडी मात्र लूदीची. आणि चांगली लठ्ठ हवी, मरतुकडी आणशील तर परत पाठवीन."

तासाभरात माझ्यापुढे चटई पसरली. भात आला, कोंबडी आली, पांढरा दोरा आला. नॉबू हाक मारायला घसा साफ करू लागली, तर पॉवाने तिला थांबवले.

"आजी, तू नको. बाने मला इथे सोडलं. त्यालाच बोलावू दे."

लूदीला हाक मारता येत नाही. त्याचा आवाज चिरका आहे, मंत्र त्याला अर्धेच येतात. "प्रूऽऽ, पॉवाच्या जिवा," त्याने सुरुवात केली आणि पुढचे शब्द विसरला. "ये... ओढ्यापाशी असशील तर... नाहीस तू ओढ्यापाशी. इथेच आहेस. मीच तुला इथे ठेवून गेलो. ये गं बाई. माझं चुकलं, आता ये." मग त्याने लेकीच्या मनगटाला दोरा बांधला.

पॉवाचे घर झाले. सहावा खांब दुसऱ्या कुठल्या लाकडाचा आहे. यानंतर ती एका जागी बसली असे मात्र समजू नका. त्याच हिवाळ्यात ती चीवोला घेऊन च्यांगमाईला गेली आणि पेरणीला परतली. दरवर्षी जाते, दरवर्षी येते. फरक एवढाच की आता तिला त्याची लाज वाटत नाही, आणि अळंबी काढणाऱ्या बायका तिच्याविषयी बोलायच्या आधी वर माझ्याकडे बघतात.

माझा घाव भरलेला नाही. कडा जुळत आल्या आहेत, पण मधून पावसाचे पाणी आत जाते, आणि जोराचा वारा सुटला की त्या जागी कुरकुर होते. अशा वेळी मला पडायची भीती वाटते. मी पडलो तर तिचे काय, ही जुनी घालमेल काही थांबत नाही. लूदी येतो. उन्हाळ्यात शेते पेटवायच्या आधी तो एकटा माझ्याभोवतीचा पाचोळा झाडून लांबवर साफ पट्टा करतो, म्हणजे आग माझ्यापर्यंत येऊ नये. घावात चिखल आणि चुना भरतो. पन्नाशी उलटली, कंबर दुखते, तरी कुणाला मदतीला घेत नाही. काम झाले की मुळावर बसतो आणि पाइप ओढतो. मी त्याला माफ केले आहे की नाही, ते मला अजून ठरवता आलेले नाही.

म्हणून मित्रांनो, तुमच्याकडे माझे एक मागणे आहे. झाडावर कुऱ्हाड उचलण्यापूर्वी, ते कुणाचे नाही असे म्हणू नका, आधी विचारा. तुमच्या घरात एखादे मूल एका जागी ठरत नसेल, तर त्याच्यातच खोट आहे असे ठरवण्याआधी आपण त्याच्यापासून काय लपवले आहे ते आठवून पाहा. आणि लूदीसारखे काही तुमच्याही मनात असेल, मुंगीएवढ्या कारणापायी बोललेले एखादे लहानसे खोटे, तर उद्यावर टाकू नका. मला तोंड नव्हते म्हणून मी गप्प राहिलो. तुम्हाला आहे. घाव पडायच्या आधी बोला.